कुंकू पुसलं जातं, तेव्हा मनात काय होतं?

प्रशिक्षण पान : गटाच्या बैठकीत एकीने मोठ्याने वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं



या पानावर आपण हिशेब, कर्ज, शेळीपालन असे विषय घेतो. आज विषय थोडा जड आहे, पण आपल्या दशसूत्रीत आरोग्य आहेच, आणि आरोग्य म्हणजे नुसता ताप-खोकला नाही. समाजात एखादीवर अन्याय होतो तेव्हा तो तिच्या मनात, अंगात आणि शेवटी गावात कसा उतरतो, हे आज समजून घेऊ. उदाहरण लांबचं नको. आपल्याच गटातल्या, नवरा वारलेल्या ताईंचं घेऊ.

आधी हजेरीची वही उघडा

वाचन थोडं थांबवा आणि गटाची हजेरीची वही काढा. तीन आकडे लिहा. गटात नवरा वारलेल्या ताई किती? त्यातल्या अध्यक्ष, सचिव किंवा कोषाध्यक्ष किती? आणि मागच्या संक्रांतीला आपण हळदीकुंकू केलं, तेव्हा त्यातल्या किती जणी आल्या होत्या?

तिसरा आकडा लिहिताना बऱ्याच गटांचा हात थांबेल. बचतीला ती चालते, हप्त्याला ती चालते, मोर्चाला ती सगळ्यात पुढे असते. मग वाण लुटताना ती कुठे जाते?

२०११ च्या जनगणनेत देशात विधवा बायांची संख्या ४ कोटी ३० लाखांच्या आसपास होती. विधुर पुरुष सव्वा कोटीच्या आसपास. एवढा फरक का? नवरा वयाने मोठा असतो, हे एक कारण. दुसरं असं की बायको वारली तर वर्षाच्या आत पुरुषाला स्थळं येऊ लागतात. बाई मात्र पंचविशीची असली तरी तिला "आता लेकरांकडं बघून दिवस काढ" असं सांगितलं जातं.

दुःख वेगळं, अन्याय वेगळा

आपलं माणूस गेलं की दुःख होतंच. रडू येतं, घास उतरत नाही, झोप लागत नाही. हे आजारपण नाही. माणसं सोबत असली, बोलायला कुणी असलं, की दिवसागणिक हे दुःख सोसण्याजोगं होतं.

पण आपल्याकडे काय होतं बघा. ज्या दिवशी तिला सगळ्यात जास्त आधार पाहिजे, त्याच दिवशी तिच्या बांगड्या फोडल्या जातात, कुंकू पुसलं जातं, मंगळसूत्र आणि जोडवी काढली जातात. तेही चारचौघांसमोर, बहुतेक वेळा बायांच्याच हातून. पुढे लग्नात मागं बस, ओटी भरू नको, नव्या नवरीच्या समोर येऊ नको. पोटच्या लेकीला हळद लावायलाही दुसरी सवाष्ण शोधायची. कुणी "पांढऱ्या पायाची" म्हणतं, कुणी "नवऱ्याला खाल्लं" म्हणतं.

नवरा एकदाच जातो. हा अपमान मात्र प्रत्येक सणाला नव्याने होतो. म्हणून तो भरून येत नाही. मरण कुणाच्या हातात नव्हतं, पण पुढचं सगळं माणसांनी केलेलं आहे. माणसांनी केलेलं म्हणूनच त्याला अन्याय म्हणायचं.

अंगात काय होतं?

भीती वाटली की छाती धडधडते, हातपाय गार पडतात, अंग ताठ होतं. समोर साप आला तर हे उपयोगाचं आहे, पळायला बळ मिळतं. साप गेला की अंग सैल पडतं. पण ज्या बाईला रोजच धास्ती आहे, की दीर घरातून काढेल का, सासू काय बोलेल, उद्याचं पीठ कुठून आणू, तिचं अंग सैल पडतच नाही. महिनोन्महिने असं राहिलं की झोप उडते, डोकं दुखतं, पित्त वाढतं, पाठ-मान धरते, रक्तदाब वाढतो. आधीच साखरेचा आजार असेल तर तो आवरत नाही.

त्यात खाण्याचे हाल. ती सगळ्यांच्या शेवटी जेवते. दूध-अंडं तिच्या वाट्याला येत नाही. कुठे कुठे तर "तिला आता कशाला चांगलंचुंगलं" असंही म्हणतात. आपल्या राज्यात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी आहे, असं २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं. मग जिच्या ताटात सगळ्यात कमी पडतं, तिचं काय होत असेल? ती दवाखान्यात "अंग दुखतंय, चक्कर येते" एवढंच सांगते. डॉक्टर गोळ्या देतात. दुखण्याचं मूळ घरात आणि गावात राहतं.

मनात काय होतं?

बाहेरचे लोक तेच तेच बोलत राहिले की बाई ते स्वतःच बोलू लागते. कुणी न सांगता मागं बसते. "नको बाई, माझा पाय लागायला नको," असं म्हणून लग्नाला जायचं टाळते. आपण म्हणतो, "तिलाच यायचं नसतं." पण दहा वर्षं दार बंद ठेवल्यावर अकराव्या वर्षी ती दार वाजवत नाही, याला तिची इच्छा म्हणायचं का? यावर बैठकीत जरूर बोला.

उदासी प्रत्येकीला कधी ना कधी येते. पण पुढची लक्षणं दोन आठवडे किंवा त्याहून जास्त टिकली, तर ते नैराश्य असू शकतं आणि त्याला उपचार आहेत :

• कशातच मन न लागणं, सतत रडू येणं किंवा रडूही न येणं
• झोप न लागणं किंवा दिवसभर पडून राहावंसं वाटणं
• जेवण तुटणं, अंगात त्राण नसणं
• "माझ्यामुळंच झालं", "माझा काही उपयोग नाही" असं वाटत राहणं
• "मी गेलेलीच बरी" असं बोलणं

शेवटचं वाक्य कानावर आलं तर "असं बोलू नये बाई" म्हणून विषय बदलू नका. जवळ बसा आणि सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार मनात येतो का?" असं विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, उलट तिचा भार हलका होतो. तिला एकटी सोडू नका. कीटकनाशकाचे डबे घरातून हलवा. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे. तो रात्रंदिवस चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. आशाताईंना सांगून प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि तिथून जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात नेता येतं.

गावाचं काय नुकसान होतं?

वाटतं, हा एका बाईचा प्रश्न आहे. तसं नाही. ती बैठकीला येईनाशी झाली की हप्ता थकतो आणि गटाची परतफेड बिघडते. तिची जमीन दिराच्या नावावर गेली की तिची लेकरं मजुरीला लागतात. बाप नाही, आई खचलेली, म्हणून "पोरीचं उरकून टाका" असा सल्ला येतो आणि अठराच्या आत लग्न लागतं. ती पोर लवकर आई होते, अशक्त राहते.

शिवाय गावातल्या सगळ्या पोरी हे बघत असतात. नवरा असेपर्यंतच बाईला किंमत, हे त्या न शिकवता शिकतात. मग पुढे मारझोड झाली तरी त्या सोसत राहतात, कारण नवऱ्याशिवायची बाई कशी जगते हे त्यांनी पाहिलेलं असतं. आज सवाष्ण म्हणून पुढे बसलेल्या आपल्यालाही ही भीती आतून धरून ठेवते.

"रीत आहे, काय करणार?"

रीत बदलते, ताईंनो. दीडशे वर्षांपूर्वी पुण्यात उच्चवर्णीय विधवांचं केशवपन करत. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ मध्ये फसवल्या गेलेल्या विधवांच्या बाळंतपणासाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तिथे आलेल्या एका विधवेचं बाळ त्यांनी दत्तक घेतलं, त्याचं नाव यशवंत. तो पुढे डॉक्टर झाला. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्री पुरुष तुलना' लिहून विचारलं होतं, की नवरा मेल्यावर बाईला जे नियम, ते बायको मेल्यावर पुरुषाला का नाहीत? आपल्याकडच्या अनेक जातींत तर पाट लावायची, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न करायची रीत पूर्वीपासूनच होती. म्हणजे "पूर्वापार असंच आहे" हेही खरं नाही.

आणि अलीकडचं बघा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या वेळी, मे २०२२ मध्ये, विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र-जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. नुसत्या ठरावाने मन बदलत नाही, हे खरं. पण अंत्यविधीच्या वेळी बांगड्या फोडायला पुढे आलेला हात अडवायचा असेल, तर "गावाचा ठराव आहे" हे तीन शब्द हाताशी लागतात.

गटाने काय करायचं?

पहिले तेरा दिवस. गटातल्या दोघींनी तिच्याजवळ राहायचं. बांगड्या-कुंकवाचा विषय निघाला तर तिलाच विचारायचं, "तुला काय पाहिजे?" तिला काढायचं असेल तर ती काढेल, ठेवायचं असेल तर ठेवेल. आपण तिच्यावर कुंकवाचीही सक्ती करायची नाही. त्या महिन्याच्या गैरहजेरीचा दंड लावू नका. गरज असेल तर हप्त्याला मुदत द्या आणि तसा ठराव वहीत लिहा. ग्रामसंघाकडे जोखीम प्रवणता निधी असेल तर तिचा अर्ज आधी घ्या.

कागदपत्रं. दुःखात कागद सुचत नाहीत आणि नेमका याच काळात हक्क जातो. सोबत जा :

• मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत करायची आणि दाखला घ्यायचा.
• वारस नोंदीचा अर्ज ३ महिन्यांच्या आत तलाठ्याकडे द्यायचा. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र नसेल तर नवऱ्याच्या हिश्श्यात बायको, मुलगा, मुलगी आणि त्याची आई यांचा सारखा वाटा असतो. कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर, हक्कसोडपत्रावर अंगठा द्यायचा नाही.
• नवऱ्याचं बँक पासबुक बघा. वर्षाला ४३६ रुपये कापले गेले असतील तर जीवनज्योती विमा, २० रुपये कापले असतील तर सुरक्षा (अपघात) विमा. दोन्हींत मृत्यूनंतर वारसाला २ लाख रुपये मिळतात. दावा लवकर करायचा.
• दारिद्र्यरेषेखालचं कुटुंब असेल आणि कमावता माणूस १८ ते ५९ वयात गेला असेल, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच २०,००० रुपये मिळतात. संजय गांधी निराधार योजनेत महिन्याला १,५०० रुपये. दोन्हींचा अर्ज तहसील कार्यालयात.
• घरातून काढत असतील तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने तिला सासरच्या घरात राहण्याचा हक्क आहे. तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे जा किंवा १८१ ला फोन लावा. बायांना उत्पन्न कितीही असलं तरी तालुका विधी सेवा समितीकडून वकील फुकट मिळतो.

संक्रांत. यंदा हळदीकुंकवाऐवजी तिळगूळ मेळावा घेता येईल. त्यात नवरा वारलेल्या, टाकलेल्या, लग्न न झालेल्या, मुसलमान, बौद्ध सगळ्या ताई एका रांगेत बसतील आणि वाण सगळ्यांना सारखं मिळेल. ज्यांना हळदीकुंकू लावून घ्यायचं त्यांनी घ्यावं, पण "तू आहेस की गेलाय" हे कुणाला विचारायचं नाही. घरातली म्हातारी माणसं नाराज होतील, दोघी-तिघी पहिल्या वर्षी येणारही नाहीत. त्यांच्याशी भांडू नका. पुढच्या वर्षी परत बोलवा.

बैठकीत चर्चेचे प्रश्न

१. आपल्या गावात नवरा वारलेल्या बाईला काय काय करू देत नाहीत? यादी करा. यातलं पुरुषाला काय लागू आहे?
२. हे नियम पाळायला लावणारं कोण असतं? त्यात आपण बाया किती?
३. यादीतली कोणती एक गोष्ट आपला गट या वर्षी बंद करू शकतो?

चर्चेत त्या ताईंना उदाहरण म्हणून उभं करू नका. त्यांना बोलायचं असेल तर आधी त्यांचं ऐका, नसेल तर गप्प राहण्याची मोकळीक द्या.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ठराव वहीत असं लिहा : "आज दिनांक ...... रोजी गटाच्या बैठकीत सर्वानुमते ठरले की, आपल्या गटातील कोणत्याही सदस्याला पती नसल्याच्या कारणावरून कोणत्याही कार्यक्रमात मागे ठेवले जाणार नाही." खाली सगळ्यांच्या सह्या-अंगठे घ्या. एक प्रत ग्रामसंघाच्या पुढच्या बैठकीत आणा. तिथून तो विषय ग्रामसभेपर्यंत कसा न्यायचा, ते आपण पुढच्या अंकात बघू.

तुमची,
क्षेत्र समन्वयक