उपाहारगृहाचा गल्ला आणि रोखपालाचे अधिकार

शाळेच्या उपाहारगृहात विक्रीसाठी संगणक बसवावयाचे ठरले, की व्यवस्थापकांचे सारे लक्ष साहजिकच पदार्थांच्या यादीकडे लागते. पोहे, इडली, समोसा, आलूगुंडा, त्यांचे दर, पडद्यावरील त्यांची चित्रे आणि त्यांचा क्रम यांवर दोनदोन दिवस खल होतो. रोखपालाचे खाते मात्र अखेरच्या पाच मिनिटांत उघडले जाते. त्याचे नाव बहुधा ‘काउंटर १’ असते आणि चार आकडी संकेतांक सर्वांना पाठ असतो. या आज्ञावलीतील, म्हणजे ज्याला आपण व्यवहारात सॉफ्टवेअर म्हणतो त्यातील, सर्वांत नाजूक निर्णय याच पाच मिनिटांत घेतला जातो. प्रस्तुत प्रकरणात त्या निर्णयाचाच विचार करावयाचा आहे.

प्रथम एक मर्यादा स्पष्ट केली पाहिजे. छत्तीसगढमधील सरकारी शाळांत दुपारचे जेवण विनामूल्य मिळते. मध्यान्ह भोजन या नावाने परिचित असलेल्या या योजनेचे नाव २०२१ मध्ये ‘पीएम पोषण’ असे झाले. तेथे ताट आहे, गल्ला नाही. म्हणून पुढील विवेचन रायपूरसारख्या शहरातील खासगी शाळांना व वसतिगृहांना उद्देशून आहे. तेथे मधल्या सुटीच्या वीस मिनिटांत चारपाचशे मुले एका खिडकीवर येऊन आदळतात, आणि खिडकीमागे तुटपुंज्या पगारावर काम करणारी एखादी तरुण मुलगी बसलेली असते. लहान मुले तिला दीदी म्हणतात. खात्याचा व अधिकारांचा हा सारा खटाटोप मुख्यतः तिच्यासाठी आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

गल्ल्यावर यंत्र बसविण्याची कल्पना अविश्वासातून जन्मली, हे मान्य केले पाहिजे. अमेरिकेतील डेटन येथे जेम्स रिटी नावाच्या गृहस्थाचे मद्यगृह होते. आलेल्या पैशांतील काही भाग नोकरांच्या खिशात जातो, या विचाराने तो त्रस्त होता. युरोपच्या सागरप्रवासात त्याने जहाजाच्या पंख्याचे फेरे मोजणारे यंत्र पाहिले. फेरे मोजता येतात तर विक्रीही मोजता येईल, असे त्याच्या मनाने घेतले. परतल्यावर भावाच्या मदतीने त्याने रोकड नोंदविणारे यंत्र सिद्ध केले आणि १८७९ मध्ये त्याचे एकस्व मिळविले. किती विक्री झाली, याचे उत्तर ते यंत्र देई. ती कोणी केली, या प्रश्नाचे उत्तर त्याच्यापाशी नव्हते. पुढे प्रत्येक विक्रेत्याची निराळी कळ आणि निराळा खण असलेली यंत्रे निघाली, तेव्हा कोठे या दुसऱ्या प्रश्नाची दखल घेतली गेली. ‘काउंटर १’ हे एकच खाते उघडणारी शाळा नवे यंत्र विकत घेऊन रिटीच्याच काळात जाऊन बसते.

कामे विभागून देण्याची दृष्टी आपल्याकडे यंत्रांहून पुष्कळ जुनी आहे. शिवकालीन गडाची व्यवस्था मराठी वाचकांच्या परिचयाची आहे. किल्ल्या हवालदाराकडे, हजेरीपट व हिशेब सबनिसाकडे, धान्याची व सामानाची कोठारे कारखानिसाकडे. त्यांपैकी कोणा एकाला अख्खा गड परस्पर शत्रूच्या हवाली करता येऊ नये, हा या रचनेचा हेतू. छत्तीसगढलाही ही पद्धत अपरिचित नव्हती. नागपूरकर भोसल्यांच्या अमलात सुभेदार विठ्ठलराव दिनकर यांनी १७९० नंतर परगण्यांची जी घडी बसविली, तीत परगण्याचा मुख्य कमाविसदार असे, तर हिशेबाला फडणवीस निराळा असे. संगणकशास्त्राने हाच विचार आपल्या भाषेत मांडला. १९७५ मध्ये साल्ट्झर आणि श्रोडर या अभ्यासकांनी असे प्रतिपादन केले, की कोणालाही त्याच्या कामाला लागतात तेवढेच अधिकार असावेत, अधिक नसावेत. १९९२ मध्ये फेरायोलो व कून यांनी अधिकार व्यक्तीला न देता भूमिकेला द्यावेत आणि व्यक्तीला त्या भूमिकेवर नेमावे, अशी रीत सुचविली. आजच्या आज्ञावल्यांमध्ये ‘रोखपाल’, ‘पर्यवेक्षक’, ‘व्यवस्थापक’ अशा तयार भूमिका दिसतात, त्या याच विचारातून आल्या आहेत.

येथे एका शब्दाविषयी थोडे थांबावेसे वाटते. इंग्रजीतील पर्मिशन या शब्दासाठी मराठीत ‘परवानगी’ हा शब्द सहज ओठांवर येतो. परंतु परवानगी प्रत्येक वेळी मागावी लागते आणि देणारा समोर असावा लागतो. आज्ञावलीत जे दिले जाते ते एकदाच दिले जाते आणि काढून घेईपर्यंत टिकते. त्यास ‘अधिकार’ म्हणणेच युक्त. हा भेद केवळ शब्दांचा नाही. सुटीत घाई झाली म्हणून कोणास पाच मिनिटांची ‘परवानगी’ दिल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात मात्र अधिकारपत्रच दिले गेलेले असते, आणि ते परत घेण्याची आठवण कोणालाच राहत नाही.

आता प्रत्यक्ष मांडणीकडे वळू. खाते व्यक्तीचे असावे, खिडकीचे नव्हे. दोन खिडक्यांवर पाळीपाळीने पाच जणी बसत असतील तर पाच खाती हवीत, आणि आजारपणात बदली येणाऱ्या बाईंचे सहावे आधीच उघडून ठेवलेले हवे. हे सहावे खाते बहुतेक ठिकाणी विसरले जाते. मग बदलीच्या दिवशी दुसऱ्या कोणाचा संकेतांक उसना घेतला जातो, आणि त्या क्षणापासून सर्वच नोंदींचे मोल उतरते. समजा, सायंकाळी दोनशे रुपये कमी भरले. खाते एकच असेल तर ते कोणाच्या हातून गेले हे आज्ञावली सांगू शकत नाही. ते माणसे ठरवितात. अशा वेळी बोट बहुधा सर्वांत नवीन, सर्वांत गरीब आणि सर्वांत कमी बोलणाऱ्या व्यक्तीकडे वळते. तिच्या पगारातून रक्कम कापली जाते आणि गावभर तिचे नाव होते ते निराळेच. स्वतंत्र खाते हा तिच्यावरचा पहारा आहे असे तिला वाटू शकते. तो तिच्या बाजूचा साक्षीदार आहे, हे तिला पहिल्याच दिवशी समजावून सांगावे.

खात्याबरोबर खणही व्यक्तीचाच असावा. सकाळी पाचशे रुपयांची मोड मोजून घ्यावी, ती रक्कम आपल्या नावावर नोंदवावी, आणि पाळी संपताच खण मोजून द्यावा. मोजणीपूर्वी अपेक्षित रक्कम पडद्यावर दिसू नये, अशी सोय पुष्कळ आज्ञावल्यांमध्ये असते. ती अवश्य वापरावी. आकडा आधी दिसला की माणूस पैसे मोजत नाही, आकडा जुळवितो.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न झालेली विक्री रद्द करण्याच्या अधिकाराचा आहे, आणि त्याचे स्वरूप उदाहरणानेच कळेल. एका मुलाने दोन समोसे घेतले आणि तीस रुपये रोख दिले. नोंद झाली, मूल निघून गेले. नंतर रोखपालाने ती नोंद रद्द केली. आज्ञावलीच्या लेखी आता ही विक्री झालेलीच नाही. ते तीस रुपये खणातून उचलले, तरी सायंकाळी गल्ला पैशाला पैसा जुळतो. पुष्कळ व्यवस्थापकांची अशी समजूत असते की गल्ला जुळला म्हणजे हिशेब स्वच्छ. या उदाहरणात गल्ला जुळला तो चोरीमुळेच. समोशांच्या मोजदादीत दोन कमी भरतील खरे. पण समोसे फुटतात, उरतात, स्वयंपाकघरातही खाल्ले जातात, आणि त्यांची मोजदाद इतक्या काटेकोरपणे क्वचितच होते. म्हणून पैसे घेण्याचा आणि पैसे घेतल्याची नोंद मागे घेण्याचा अधिकार एका हाती नसावा. मुलांच्या कार्डावर रक्कम जमा करण्याच्या व दुरुस्त करण्याच्या अधिकारालाही हाच नियम लागू होतो, कारण कार्डावरील शिल्लक ही नाण्यांविना ठेवलेली रोकडच आहे.

मात्र या बाबतीत अतिरेकही तितकाच घातक ठरतो. एखादी शाळा रोखपालाकडून प्रत्येक दुरुस्ती काढून घेते. मुलगा इडली सांगतो, बोट पोह्यांवर पडते, आणि प्रत्येक वेळी पर्यवेक्षकाला हाक मारावी लागते. पर्यवेक्षक स्वयंपाकघरात असतो, रांग ओरडत असते. दोन दिवस तो धावत येतो, तिसऱ्या दिवशी तेथूनच आपला संकेतांक ओरडून सांगतो, आणि चौथ्या दिवशी तो संकेतांक खणाच्या आतल्या बाजूस चिठ्ठीवर चिकटलेला असतो. आता रोखपालाच्या हाती पर्यवेक्षकाचे सारे अधिकार आले, आणि नोंदीत नाव मात्र पर्यवेक्षकाचे. हा प्रकार कोणताच नियम नसण्यापेक्षा वाईट होय. याकरिता पैसे घेण्यापूर्वीची चूक रोखपालाने स्वतःच सुधारावी, अशी मुभा तिला असावी. पैसे घेतल्यानंतरची नोंद मात्र पर्यवेक्षकाने रद्द करावी, कारण लिहून करावी, आणि पर्यवेक्षक सुटीची वीस मिनिटे खिडकीपासून हाकेच्या अंतरावर असावा. जो नियम सुटीच्या गर्दीत पाळता येत नाही, तो कागदावर कितीही कडक असला तरी निरुपयोगी आहे.

दर बदलण्याचा व नवा पदार्थ यादीत घालण्याचा अधिकार रोखपालाकडे असण्याचे काहीच कारण नाही. शालेय मुलांच्या आहाराविषयी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२० मध्ये केलेल्या विनियमांनुसार अतिरिक्त मेद, साखर वा मीठ असलेले पदार्थ शाळेच्या उपाहारगृहात आणि आवारापासून पन्नास मीटरच्या आत मुलांना विकता येत नाहीत. तेव्हा यादीत काय असावे ही शाळेची जबाबदारी ठरते. ती खिडकीवर सोपविता येणार नाही. या बाबतीत रायपूरला स्वतःचा अनुभव आहे. २०१२ मध्ये याच शहरात रास्त भाव दुकानांच्या खिडकीवर विक्रीयंत्रे आली. शिधापत्रिकाधारकाने कार्ड दाखवावयाचे, आणि त्याचे हक्काचे धान्य केंद्रीय संगणकावरील नोंदीशी ताडून द्यावयाचे, अशी ती योजना होती. कोणत्याही दुकानातून धान्य घेण्याची मोकळीकही कार्डधारकाला तीत मिळाली. पूर्वी दुकानदाराच्या वहीत असलेला हिशेब अशा रीतीने त्याच्या हाताबाहेर गेला. दुकानदार विक्री करी, पण कोणास किती द्यावयाचे हे तो ठरवीत नसे. शाळेच्या गल्ल्याचा प्रश्न आकाराने लहान असला, तरी जातीने हाच आहे.

येथवर रोखपालाने काय करावे याचा विचार झाला. तिने काय पाहावे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही; मुलांच्या दृष्टीने मात्र तोच मोठा आहे. कार्ड टेकविताच पडद्यावर काय उमटते? नाव आणि छायाचित्र आवश्यक आहे, कार्ड दुसऱ्याचे नाही हे त्यावरून कळते. शेंगदाण्याची बाधा होते, ही सूचनाही हवीच, कारण तिच्यावाचून एखाद्याच्या जिवावर बेतू शकते. परंतु पालकांचा दूरध्वनी, थकलेली फी, सवलतीत मिळणारा प्रवेश यांच्याशी गल्ल्याचा काहीएक संबंध नाही. पुष्कळ ठिकाणी पडदा रांगेकडे तोंड करून ठेवलेला असतो, आणि ‘शिल्लक नाही’ ही अक्षरे लाल रंगात झळकतात. ती रोखपालाआधी मागचा मुलगा वाचतो.

अमेरिकेत या प्रश्नाची चर्चा कायद्यापर्यंत गेली. तेथील शालेय भोजनयोजनेत विनामूल्य, सवलतीचे आणि पूर्ण किमतीचे जेवण घेणारी मुले एकाच रांगेत असतात, आणि कोण कोणत्या गटातील हे उघड होऊ नये असा दंडक आहे. तरीही थकबाकीपायी मुलांना चारचौघांत खाली पाहावयास लावण्याचे प्रकार घडत राहिले. न्यू मेक्सिको राज्याने २०१७ मध्ये त्यांना कायद्याने बंदी केली. आपल्याकडे २०२३ च्या व्यक्तिगत विदा संरक्षण अधिनियमात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. पण कायद्याची वाट पाहण्याचे प्रयोजन नाही. रोखपालाच्या भूमिकेत शिलकीचा आकडा झाकून ठेवावा, केवळ ‘चालेल’ अथवा ‘कार्यालयास कळवा’ एवढीच खूण दिसावी. एक जेवण उधारीवर देण्याचा अधिकार तिला मर्यादेसह द्यावा, आणि वसुलीचा निरोप कार्यालयाने पालकांना परस्पर धाडावा. उपाशी मुलाला परत पाठविण्याचे काम तिच्यावर सोपवू नये.

एखादी व्यक्ती काम सोडून गेली, की तिचे खाते पुसून टाकण्याची घाई होते. तसे करू नये. खाते पुसले तर काही आज्ञावल्यांत तिच्या जुन्या नोंदी निनावी होतात, आणि सहा महिन्यांनी लेखापरीक्षकाने प्रश्न विचारला तर उत्तर देणारे कोणी उरत नाही. खाते त्याच दिवशी निष्क्रिय करावे, नोंदी तशाच ठेवाव्यात. जाताना अखेरच्या पाळीचा ताळेबंद तिच्यासमक्ष छापून त्यावर दोघांच्या सह्या घ्याव्यात, आणि त्याची एक प्रत तिच्या हाती द्यावी.