बाळाचा प्राणवायू

दिवस पुरे भरण्याआधी मूल जन्मलं, की दवाखान्यात त्याला काचेच्या पेटीत ठेवतात. नाकाशी बारीक नळी लावतात. नळीतून प्राणवायू येतो. आई बाहेरून पाहते. तिचा जीव तुटतो. ती म्हणते, "सिस्टर, जरा जास्त सोडा ना. लेकरू धापा टाकतंय."

आपणही तेच म्हटलं असतं. एके काळी मोठमोठे डॉक्टरही तसंच समजत. १९४० नंतर अमेरिकेत अशा मुलांना भरपूर प्राणवायू देऊ लागले. पुढे हजारो मुलं आंधळी झाली. कारण कळेना. कोणी उजेडाला दोष दिला, कोणी औषधांना. १९५१ साली ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टर केट कॅम्पबेल यांनी प्राणवायूवर बोट ठेवलं. अमेरिकेतल्या १८ दवाखान्यांनी मिळून ते तपासलं. बाईंचं म्हणणं खरं निघालं. मग सगळे घाबरले आणि फारच हात राखून प्राणवायू देऊ लागले. तेव्हा मुलं दगावू लागली. आगीतून फुफाट्यात!

डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला, एक पातळ पडदा असतो. त्याच्या रक्ताच्या शिरा नवव्या महिन्यापर्यंत वाढत असतात. लवकर जन्मलेल्या मुलाच्या त्या अपुऱ्याच असतात. प्राणवायू जास्त झाला, की त्यांची वाढ खुंटते. मग त्या वेड्यावाकड्या फुटतात आणि पडद्याला ओढतात. पडदा सुटला, की दृष्टी गेली.

म्हणून आता बाळाच्या पायाला लाल दिव्याची पट्टी बांधतात. यंत्रावर आकडा दिसतो. नळी लावलेल्या अशा मुलाचा आकडा बहुधा ९० ते ९५ राखतात. आपल्याला वाटतं, शंभर म्हणजे पहिला नंबर! इथं तसं नाही. नळी चालू असताना आकडा शंभरावर गेला, तर सिस्टर प्राणवायू कमी करतात. ती कंजुषी नव्हे.

एवढं जपूनही काही मुलांचे डोळे बिघडतात. बाहेरून काही दिसत नाही. मूल ३४ आठवड्यांच्या आधी जन्मलं असेल, किंवा वजन दोन किलोंहून कमी असेल, तर ३० दिवसांच्या आत डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावं. फारच लहान असेल, तर दोन-तीन आठवड्यांतच. वेळेवर कळलं, तर लेसरच्या किरणांनी इलाज करता येतो. डॉक्टर पुन्हा बोलावतील, तेव्हा पुन्हा न्यावं.

घरी सोडताना मिळालेली चिठ्ठी वाचावी. तपासणीची तारीख नसेल, तर विचारावं.

बाळ-बाळंतिणीला सव्वा महिना घराबाहेर काढायचं नाही, अशी आपल्याकडे रीत आहे. तोवर ३० दिवस उलटून जातात. अशा मुलासाठी ती रीत बाजूला ठेवावी. आजी ऐकत नसतील, तर त्यांना हा धडा वाचून दाखवावा.