मोबाईलवरची गोष्ट आणि तिची स्पर्धा

गोष्ट कोणाला आवडत नाही? आपल्या खानदेशाला गोष्टींचा मोठा वारसा आहे. साने गुरुजी १९२४ ते १९३० पर्यंत अमळनेरला शिक्षक होते. १९२८ साली त्यांनी मुलांसाठी ‘विद्यार्थी’ मासिक काढले. पुढे १९५१ साली प्रकाशभाई मोहाडीकरांनी ‘साने गुरुजी कथामाला’ सुरू केली.

२०२० साली करोनामुळे शाळा बंद झाल्या. तेव्हा महाराष्ट्रात ‘गोष्टींचा शनिवार’ हा उपक्रम निघाला. शनिवारी मुलांना मोबाईलवर गोष्ट वाचायला मिळू लागली. आता मुलं आणि गुरुजी स्वतः गोष्ट तयार करून ऑनलाईन स्पर्धेत पाठवू शकतात. चित्र, आवाज आणि गोष्ट एकत्र जोडली की डिजिटल गोष्ट होते.

ती अशी करावी :

१) गोष्ट आधी वहीत लिहावी. मोठ्याने वाचून तीन मिनिटांत बसते का ते पाहावे.
२) पाच-सहा चित्रे काढावीत. उजेडात त्यांचे फोटो घ्यावेत.
३) पंखा बंद करून आवाज भरावा.
४) फोटो आणि आवाज मोबाईलवर ओळीने जोडावेत.
५) घरचा पत्ता व फोन नंबर गोष्टीत सांगू नये.

स्पर्धा घेणाऱ्यांनी काय करावे? मुलांचा गट वेगळा, शिक्षकांचा वेगळा ठेवावा. मुलांच्या गटात आवाज मुलाचाच पाहिजे. पुष्कळ घरी एकच मोबाईल असतो, तोही दिवसभर बाबांबरोबर शेतात जातो. म्हणून पंधरा दिवसांची मुदत द्यावी आणि शाळेच्या मोबाईलवर केलेली गोष्टही घ्यावी. किती जणांनी पसंत केली यावर नंबर काढू नये. ज्याच्या नातेवाइकांकडे जास्त मोबाईल, तोच मग जिंकेल! गोष्ट स्वतःची आहे का, आवाज स्पष्ट आहे का, चित्रे जुळतात का, हे परीक्षकांनी पाहावे.

अहिराणी गोष्टही चालली पाहिजे. अहिराणीत मुलाला आंडोर आणि मुलीला आंडेर म्हणतात. माझी आजी हेच शब्द घेऊन गोष्ट सांगते. तिची गोष्ट कोणत्याच पुस्तकात नाही. ती कोणी भरून ठेवली नाही, तर आजीच्या मागं ती कुणालाच ऐकू येणार नाही.

पालकांना विनंती : आठवड्यातून एकदा संध्याकाळी अर्धा तास मोबाईल आम्हाला द्या. आम्ही त्यावर खेळणार नाही, आजी-आजोबांची गोष्ट भरून घेऊ. स्पर्धेत नंबर आला तर छानच. नाही आला तरी गोष्ट तर घरात राहील!

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी