गावचा नकाशा आणि त्याची संगणकीय नोंद



परिसराचा अभ्यास शिकविताना आपण विद्यार्थ्यांना गावचा नकाशा दाखवितो. ओढा, गायरान, पाझर तलाव, पाणंद ही सर्व गावाच्या उपयोगाची स्थळे त्यात असतात. आता हे नकाशे कागदाप्रमाणेच संगणकावरही ठेवले जातात. ते कोणत्या रूपात ठेवले आहेत यावर गावास आपली जमीन व पाणी ओळखता येईल की नाही, हे पुष्कळसे अवलंबून असते. म्हणून या विषयाची तोंडओळख शिक्षकास असणे अगत्याचे आहे.

१. साखळीपासून आरंभ

सोलापूर जिल्ह्यास लागून असलेल्या इंदापूर तालुक्यात १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी जमीन मोजणीची व आकारणीची पद्धत सुरू केली. तीच पुढे मुंबई इलाख्यात रूढ झाली. मोजणीची साखळी ३३ फुटांची असे. एक साखळी लांब व एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा, अर्थात १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. हा हिशेब विद्यार्थ्यांकडून फळ्यावर करवून घ्यावा.

नकाशा जागा दाखवितो आणि सात-बारा त्या जागेची माहिती सांगतो. दोहोंस जोडणारा दुवा म्हणजे गट क्रमांक. तो चुकला तर नकाशा मुका होतो आणि उतारा आंधळा. संगणकातील भौगोलिक माहितीही याच दोन अंगांची असते : आकृती आणि तक्ता.

२. चित्र आणि आकृती

कागदी नकाशाचे छायाचित्र संगणकात घातले, तर तो केवळ ठिपक्यांचा समूह होतो. गायरान किती एकर, असे त्यास विचारता येत नाही. त्यासाठी बिंदू, रेषा व क्षेत्र अशा आकृती काढाव्या लागतात. विहीर हा बिंदू, ओढा ही रेषा आणि गायरान हे क्षेत्र. प्रत्येक आकृतीस तिचे नाव व गुण जोडलेले असतात.

३. प्रचलित रूपे

शेपफाईल : नाव एक असले तरी ही अनेक फायलींची जुडी आहे. एकीत आकृती, दुसरीत तक्ता, तिसरीत त्यांची अनुक्रमणी. यांतील एकच पाठविली तर घेणाऱ्याच्या हाती अर्धवट काम येते. शिवाय तक्त्यातील रकान्याच्या शीर्षकास केवळ दहा स्थाने मिळतात. रोमन लिपीचे अक्षर एक स्थान घेते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा धरून, आजच्या प्रचलित पद्धतीत तीन स्थाने घेते. परिणामी ‘गायरान’ हे शीर्षक तुटून ‘गाय’ एवढेच उरते. गाय राहिली, रान गेले! म्हणून शीर्षके आखूड ठेवावीत आणि त्यांचा पूर्ण अर्थ वेगळ्या कागदावर लिहून ठेवावा.

जिओजेसन : ही साध्या मजकुराची फाईल असून डोळ्यांनी वाचता येते. मराठी नावे तीत अखंड राहतात. मात्र आपण बोलताना ‘अक्षांश-रेखांश’ म्हणतो, तर २०१६ साली निश्चित झालेल्या नियमानुसार येथे रेखांश आधी लिहावयाचा असतो. सोलापूर शहर सुमारे १७.६६ उत्तर अक्षांश व ७५.९१ पूर्व रेखांश येथे आहे. हा क्रम उलटा झाला, तर सोलापूर स्वालबार्ड बेटांच्या दक्षिणेस, आर्क्टिक समुद्रात जाऊन पडते!

केएमएल : भ्रमणध्वनीवर नकाशा पाहण्यास हे रूप सोयीचे आहे. यातही रेखांशच आधी येतो.

४. रेषेचे मोल

आपल्या जिल्ह्यातील नान्नज येथील माळढोक अभयारण्याचे उदाहरण घ्यावे. १९७९ साली ते जाहीर झाले तेव्हा त्याचे क्षेत्र सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर होते. शेजारच्या, आता अहिल्यानगर म्हणविल्या जाणाऱ्या जिल्ह्याचाही भाग त्यात होता. एवढ्या विस्तारात खासगी शेतजमिनी व वस्त्या आल्या आणि लोकांच्या जमिनीच्या व्यवहारांना अडचणी उत्पन्न झाल्या. पुढे २०१२ च्या सुमारास हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत कमी करण्यात आले. रेषा कोठून जाते, यावर पक्ष्याचे व शेतकऱ्याचे, दोघांचेही हित अवलंबून असते.

तक्त्यातील शब्दही तितकाच महत्त्वाचा. गवताळ माळाच्या रकान्यात ‘पडीक’ असे लिहिले, तर तेथे चरणारी मेंढरे, काळवीट व माळढोक नोंदीतून नाहीसे होतात. मग ती जागा रिकामी आहे, असे दूरच्या वाचकास वाटले तर त्यास दोष देता येत नाही.

५. वर्गाबाहेरील कृती

गावातील जाणत्या माणसांस, विशेषतः गुराख्यांस व मेंढपाळांस, बरोबर घेऊन विद्यार्थ्यांसह गायरानाची फेरी करावी. प्रत्येक कोपऱ्याचे अक्षांश व रेखांश दशांशाच्या पाच स्थळांपर्यंत टिपावेत. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटर असतो. म्हणून दोनच स्थळे लिहिली तर एक किलोमीटरपेक्षाही बारीक भेद कळत नाही, पाच लिहिली तर सुमारे एक मीटरचा कळतो. अर्थात भ्रमणध्वनीची मोजणी स्वतः काही मीटर चुकू शकते, हे मुलांस सांगावे. स्थळाचे लोकांच्या तोंडी असलेले नाव, नोंदीची तारीख व नोंद कशी घेतली तेही लिहावे. हा नकाशा केवळ अभ्यासासाठी आहे. हद्दीच्या वादात भूमि अभिलेख खात्याची मोजणीच ग्राह्य धरावी लागते.

माळावरच्या ओढ्याचे नाव आजोबांस ठाऊक असते, नातवास नसते. ते आज नोंदीत आले, तर उद्या तो ओढा बुजविला जात असता ‘हा आमचा अमुक ओढा’ असे म्हणणारा कोणी तरी राहील.

स्वाध्याय

१. ६६ फूट लांब व ३३ फूट रुंद जागा किती गुंठे होईल?
२. आपल्या गावातील बिंदू, रेषा व क्षेत्र यांची प्रत्येकी दोन उदाहरणे द्या.
३. आपल्या शाळेचे स्थान जिओजेसनच्या क्रमाने लिहा.