पहिलं शील आणि पोरीचा कराटे क्लास



मागच्या रविवारी वंदना झाल्यावर लालबागकडच्या एका ताईंनी प्रश्न विचारला. मुलगी कराटेला जाते, ठोसे मारायला शिकते, मग तिनं रोज पंचशील म्हणायचं तरी कसं? घरातले म्हणतात क्लास बंद करा. ताई म्हणतात, संध्याकाळी ट्यूशनहून ती एकटी येते, त्याचं काय? भन्तेजी म्हणाले, घाईनं उत्तर देऊ नका, आधी विनय बघा. म्हणून आज हा पाठ.

विनयपिटकात भिक्खूंसाठी 74 वा पाचित्तिय नियम आहे. रागावून दुसऱ्या भिक्खूला मारलं तर दोष. किती जोरात मारलं तर? नियमाच्या विवरणात सांगितलंय, कमळाच्या पानानं मारलं तरी दोष. आणि त्याच विवरणात पुढे सूट दिली आहे: कुणी छळत असेल आणि त्यातून सुटायच्या इराद्यानं भिक्खूनं प्रहार केला, तर दोष नाही. बघा बरं, रागानं उगारलेलं पान चालत नाही, सुटण्यासाठी दिलेला धक्का चालतो. जी सूट चीवरधाऱ्याला आहे, ती शाळेतल्या पोरीला नाकारणारे आपण कोण?

पण ही सूट सुटण्यापुरतीच. जीव घेण्याची मोकळीक त्यात नाही. हात सुटला, वाट मोकळी झाली, त्यानंतरचा वार सुटकेचा राहत नाही, तो रागाचा होतो, असं आम्ही समजतो. आणि मर्दुमकीचं कौतुक तर धम्मात नाहीच. संयुत्तनिकायात एक योद्धा भगवंतांना विचारतो, रणात लढत मेलेला स्वर्गात जातो ना? भगवंत दोनदा म्हणतात, हे विचारू नकोस. तिसऱ्यांदा विचारल्यावर सांगतात, दुसऱ्यांना मारायच्या विचारात मरणारा नरकात जातो. योद्धा रडायला लागतो. आसीरगडाच्या लढायांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपण बुऱ्हाणपूरवाल्यांनी हे सुत्त जरूर वाचावं.

मोबाईलवर फिरतं की बोधिधम्मानं शाओलिनच्या भिक्खूंना युद्धकला शिकवली. विहार 495 सालचा, आणि ही कथा सतराव्या शतकातल्या एका पुस्तकात येते, तेव्हा ती पुढे पाठवू नका. तिथल्या 728 सालच्या शिलालेखात मात्र लिहिलंय की दरोडेखोर विहारावर चालून आले तेव्हा भिक्खूंनी त्यांना तोंड दिलं. त्याच लेखात 621 साली ते एका राजपुत्राच्या बाजूनं लढल्याचंही आहे. बचावासाठी शिकलेलं अंग राजाच्या कामाला लागायला वेळ लागत नाही.

आपल्याला तेवढं लांब जायची गरजही नाही. 20 मार्च 1927, महाड. चवदार तळ्याचं पाणी पिऊन लोक परतले आणि त्यांच्यावर लाठ्या-काठ्या चालल्या. आपल्या माणसांत फौजेतून निवृत्त झालेले कितीतरी होते. हातात बळ होतं, अंगात तालीम होती, डोळ्यांत आग होती, नुसत्या एका शब्दाची वाट होती. बाबासाहेबांनी तो शब्द दिला नाही. लोक थांबले. दुबळ्याला असं थांबता येत नाही, त्याच्याकडे थांबवायला काही नसतंच! पुढे समता सैनिक दलाचे जवान लाठी शिकले ते सभेचं, माणसांचं रक्षण करायला. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात दीक्षेच्या लाखोंच्या गर्दीची व्यवस्था बघायलाही तेच होते.

तर ताई, मुलीला पाठवा. शोतोकान कराटेतला नव्या मुलांचा पहिला काता, हेइआन शोदान, त्याची पहिली हालचाल वार अडवायची आहे. तिला घरी करून दाखवायला सांगा. फक्त क्लासचे सर पोरांना काय बोलतात ते एकदा जाऊन ऐका. "ठोकून ये" म्हणत असतील, तर क्लास बदला, कराटे नको बदलायला.

या आठवड्याचा अभ्यास: भावना करताना शेवटचा कुणावर हात उगारला ते आठवायचं. घरातल्या पोरावर उगारलेलाही धरायचा. तो सुटण्यासाठी होता की रागानं, एवढंच वहीत लिहून रविवारी आणायचं. नाव लिहू नका.

जय भीम.