‘स्वामी’ वाचून झाली, आता काय?

(शनिवार पेठेतलं घर. मावशीची हयात वाचनालयात गेली. भाची पुस्तक परत द्यायला आली आहे.)

भाची : मावशी, ‘स्वामी’ संपली. शेवटी रडले गं. आता असंच काहीतरी दे.

मावशी : रणजित देसाईंची ही कादंबरी आली १९६२मध्ये. तेव्हापासून घरोघरी रडणं चालूच आहे. पण लगेच ‘असंच’ नको. त्यातले माधवराव सोळाव्या वर्षी पेशव्यांच्या गादीवर का बसले, ते वाच.

भाची : पानिपतामुळे ना?

मावशी : हो. तिकडे थोरले भाऊ विश्वासराव आणि चुलते भाऊसाहेब गेले, आणि पाच महिन्यांत इथे पर्वतीवर वडिलांनी, नानासाहेबांनी प्राण सोडला. तेव्हा विश्वास पाटलांचं ‘पानिपत’ ने, आणि सोबत त्र्यं. शं. शेजवलकरांचं ‘पानिपत : १७६१’.

भाची : दोन्ही? लढाई तर एकच.

मावशी : कादंबरीकाराला भाऊसाहेबांच्या मनात शिरायची मुभा असते. शेजवलकर पडले डेक्कन कॉलेजातले संशोधक, त्यांना कागद दाखवावा लागतो. रुक्ष मात्र समजू नकोस, माणूस चांगलाच भांडखोर! भाऊ हेकट होते, सूरजमल जाटाचं ऐकलं नाही, बुणगे म्हणजे न लढणारा लवाजमा सोबत नेला, हे आरोप आपण लहानपणापासून ऐकतो. शेजवलकर ते एकेक उचलून तपासतात.

भाची : आधी कुठलं घेऊ?

मावशी : कादंबरी. कोण शिंदे, कोण होळकर, कुंजपुरा कुठे, हे एकदा डोक्यात बसलं की शेजवलकर झरझर वाचून होतात. उलट क्रमानं गेलीस तर पन्नासाव्या पानावर पुस्तक उशाला जाईल.

भाची : प्रत्यक्ष तिथे असलेल्या कुणी लिहिलंय का?

मावशी : नाना फडणिसांनी. लढाईत होते तेव्हा विशीही उलटली नव्हती, आई आणि बायको बरोबर. बायको पुढे भेटली, आईचा पत्ता लागला नाही. त्यांचं आत्मचरित्र अगदी छोटं आहे, एका बैठकीत होईल. पुढे राज्य चालवणारा हा मुत्सद्दी त्यात जीव मुठीत धरून पळताना दिसतो. मला ते दोन्ही जाड पुस्तकांहून जास्त लागलं.

भाची : आणि ‘राऊ’? बाजीराव-मस्तानीचा सिनेमा पाहिलाय मी.

मावशी : ना. सं. इनामदार जरूर वाच. पण मस्तानीबद्दल कागद फारच थोडे, त्यामुळे तिच्या तोंडचं जवळजवळ सगळं इनामदारांचं, हे धरून चाल. केळकर संग्रहालयात मस्तानी महाल आहे, कोथरूडहून उचलून आणलेला. तो आधी बघून ये.

भाची : बसमध्ये वाचायला काही हलकं?

मावशी : गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’. वरसईचा भिक्षुक, मथुरेच्या यज्ञात दक्षिणा मिळेल म्हणून निघाला आणि १८५७च्या बंडात सापडला. झाशीला वेढा पडला तेव्हा तो आत होता. कादंबरी नाही, इतिहासही नाही, पण दोन्हींची भूक भागते. फक्त आवृत्ती बघून घे. चिं. वि. वैद्यांनी १९०७मध्ये छापताना बराच फेरफार केला होता. दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून १९६६मध्ये काढलेली आवृत्ती माग. दुकानदार ‘एकच आहे हो’ म्हणाला, तर पुढच्या दुकानात जा. अप्पा बळवंत चौकात दुकानांना काय तोटा!