धनराजचे गोल किती?

(द्वितीय वर्ष कला)

इंग्लंडात रग्बी लीग नावाचा खेळ आहे. त्यात मैदानाच्या कडेने चेंडू घेऊन धावतो तो विंगर. ब्रायन बेवन हा ऑस्ट्रेलियाहून तिकडे गेलेला विंगर. प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे त्याने चेंडू टेकवला तो ७९६ वेळा. ७९५ नव्हे की ७९७ नव्हे! आता आपल्या धनराज पिल्लेने भारतासाठी गोल किती केले, हे विचारून पाहा. कोणी १७० च्या आसपास म्हणते. खात्रीचा आकडा नाही, कारण हॉकी संघटनेने विश्वासार्ह नोंदच ठेवली नाही.

माझे वडील रोजंदारीवर आहेत. हजेरीबुकात नाव लागले नाही, तर तो दिवस भरलाच नाही असे धरतात. म्हणून नोंद म्हणजे काय, हे आमच्या घरात कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

धनराजचा जन्म १९६८ चा, खडकीचा. वडील दारूगोळा कारखान्याच्या मैदानाची निगा राखत. मुंबईत शालेय हॉकी म्हटली की आमच्या वांद्र्याच्या सेंट स्टॅनिस्लॉसचे नाव निघते. धनराजची शाळा मात्र कारखान्याच्या वसाहतीतले मातीचे मैदान. मोडक्या स्टिका सुतळीने बांधून ही भावंडे खेळत. पुढे थोरला भाऊ रमेश याच्यामागून तो मुंबईत आला आणि १९८९ ला भारतीय संघात शिरला.

२००४ पर्यंत तो ३३९ सामने खेळला. त्यांत चार ऑलिंपिक, चार विश्वचषक आणि चार आशियाई क्रीडास्पर्धा. ऑलिंपिक पदक एकही नाही. सिडनीला २००० साली पोलंडने शेवटच्या दोन मिनिटांत बरोबरी साधली आणि उपांत्य फेरी हुकली. पण १९९८ ला बँकॉकमध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली भारताने ३२ वर्षांनी आशियाई सुवर्ण मिळवले. त्यानंतर लगेच धनराज व आणखी सहा जण संघाबाहेर! 'विश्रांती दिली', असे अधिकृत कारण. मानधन थकल्याबद्दल त्यांनी तोंड उघडले होते, हे खरे कारण असल्याचे तेव्हा सर्वत्र बोलले गेले. मलाही तेच पटते.

बरे, गोल मोजणे अशक्य आहे का? दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात गोल करणाऱ्याचे नाव छापून येतेच. आमच्या ग्रंथालयात जुन्या अंकांच्या बांधीव फायली आहेत. मी वही घातली आहे. सध्या १९८९ ची फाइल चालू आहे.